चिबुकजिह्वा स्नायूचे कार्य : एका गैरसमजाचा इतिहास

‘जिभेला हाड नाही’ असे आपण म्हणतो ते तोंडाला येईल ते बोलणाऱ्या माणसाला उद्देशून. शरीररचनेच्या दृष्टीने हे विधान खरे असले तरी अपुरे आहे. जिभेत हाड नाही; परंतु ती हाडाला बांधलेली आहे. खालच्या जबड्याच्या आतील अंगास, हनुवटीच्या बरोबर मागे, दोहो बाजूंना बारीक उंचवटे असतात. त्यांतील वरच्या जोडीपासून एक स्नायू निघतो आणि पंख्याप्रमाणे पसरत जिभेच्या शेंड्यापासून मुळापर्यंत सर्वत्र शिरतो. पाश्चात्त्य शरीररचनाशास्त्रात त्याला ‘जेनिओग्लॉसस’ असे नाव आहे. ग्रीक भाषेत ‘गेनिओन’ म्हणजे हनुवटी आणि ‘ग्लोसा’ म्हणजे जीभ. तेव्हा त्यास ‘चिबुकजिह्वा स्नायू’ म्हणावयास हरकत नसावी. या स्नायूची रचना कशी आहे याविषयी गेल्या दोनशे वर्षांत फारसा मतभेद झालेला नाही. तो कशासाठी आहे, हे मात्र फार उशिरा कळले, आणि कळेपर्यंत त्याच्यावर भलत्याच अपेक्षा लादल्या गेल्या. प्रस्तुत लेखाचा विषय तो उशीर आणि त्या अपेक्षा हा आहे. लेखक इतिहासाचा अभ्यासक आहे, वैद्यकाचा नाही. त्यामुळे रचनेचे वर्णन विषय समजण्यापुरतेच केले आहे.

जिभेचे स्नायू दोन प्रकारचे मानतात. काही सर्वस्वी जिभेच्या आतच असतात. ते उभे, आडवे व लांबीच्या दिशेने विणल्यासारखे असून जिभेचा आकार बदलण्याचे काम करतात. दुसऱ्या प्रकारचे स्नायू बाहेरच्या एखाद्या आधारापासून निघून जिभेत येतात व तिची जागा बदलतात. चिबुकजिह्वा हा या दुसऱ्या वर्गातील सर्वांत मोठा स्नायू होय. त्याचे पुढचे तंतू जवळजवळ उभे चढतात. ते आखडले म्हणजे जिभेचा मधला भाग खाली दबतो. मागचे तंतू आडवे पडून जिभेच्या मुळाकडे जातात व सर्वांत खालचे कंठाच्या वरच्या बाजूस असलेल्या नालाकृती अस्थीपर्यंत पोचतात. ते आखडले म्हणजे जिभेचे मूळ पुढे ओढले जाते आणि शेंडा दातांबाहेर येतो. उजवा व डावा असे या स्नायूचे दोन भाग असतात. एका बाजूचा मज्जातंतू निकामी झाला तर बाहेर काढलेली जीभ त्या दुबळ्या बाजूकडे वळते, कारण निरोगी बाजू तिला पलीकडे ढकलते. वैद्य रोग्याला जीभ बाहेर काढावयास सांगतो, त्यामागील एक हेतू हे वळण पाहण्याचा असतो.

ज्या मज्जातंतूमुळे हे सर्व चालते त्याचा क्रमांकही एका सहस्रकाहून अधिक काळ बदलत राहिला. गेलेनने मेंदूपासून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या सात जोड्या मानल्या होत्या; त्यांत हा सातवा. १६६४ मध्ये टॉमस विलिसच्या गणनेत तो नववा झाला आणि १७७८ मध्ये झ्योमेरिंगने बारा जोड्यांची व्यवस्था लावली तेव्हा तो बाराव्या स्थानी स्थिरावला. स्नायूच्या नावाचीही अशीच गोष्ट. १८५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हेन्री ग्रेच्या ग्रंथात त्याचे नाव तिपदरी आहे, हनुवटी, कंठास्थी व जीभ या तिन्हींना जोडणारे. १८९५ मध्ये बाझेल येथे शरीररचनेच्या संज्ञा एकसूत्री करण्यात आल्या आणि आजचे आटोपशीर नाव रूढ झाले. क्रमांक आणि नाव यांचे हे वाद निरुपद्रवी होते. कार्याविषयीचे मत मात्र निरुपद्रवी राहिले नाही.

स्नायूचे कार्य ठरविण्याची जुनी रीत साधी होती. शव उघडावयाचे, स्नायूचे उगम व शेवट पाहावयाचे, आणि तो आखडला तर काय हलेल याचे अनुमान करावयाचे. हात-पायांच्या बाबतीत ही रीत उत्तम चालली. जिभेच्या बाबतीत तिच्यात एक उणीव होती. शवातील स्नायूला ताण नसतो. जो स्नायू हलविण्यासाठी नसून धरून ठेवण्यासाठी आहे, त्याचे काम शवाच्या तपासणीत दिसण्याचा संभव फार कमी. मार्चेल्लो माल्पिगीने १६६५ मध्ये जिभेवरील आपला प्रबंध प्रसिद्ध करून तिच्या पृष्ठभागावरील रुचीच्या अंकुरांकडे लक्ष वेधले. त्यानंतर जिभेविषयी बोलताना चव, गिळणे आणि बोलणे या तीन गोष्टींचाच विचार होऊ लागला. त्यांतही बोलणे हे माणसाचे वैशिष्ट्य. म्हणून विद्वानांचे लक्ष तिकडे अधिक गेले.

आपल्याकडील प्रातिशाख्यांचा येथे उल्लेख करणे अस्थानी होणार नाही. वर्णोच्चाराचे वर्णन करताना त्या ग्रंथांनी स्थान आणि करण असा भेद केला आणि जिव्हामूल, जिव्हामध्य, जिव्हाग्र अशी जिभेची विभागणी केली. हे वर्णन जिवंत, बोलणाऱ्या तोंडाचे आहे. कोणता स्नायू कोणता वर्ण उत्पन्न करतो, असा प्रश्न त्यांनी विचारलेला नाही. तो विचारला नाही म्हणून त्यांचे शास्त्र अपुरे राहिले असे कोणी म्हणेल. युरोपात तो विचारला गेला तेव्हा काय घडले ते पाहिल्यावर या मताचा पुनर्विचार करावासा वाटतो.

७ जानेवारी १८४१ रोजी बर्लिनमध्ये योहान फ्रीड्रिश डीफेनबाख या शल्यविशारदाने तोतरेपणा घालविण्यासाठी तेरा वर्षांच्या एका मुलाची जीभ मुळाशी आडवी कापली. डीफेनबाख हा कोणी भोंदू नव्हता. शारिटे रुग्णालयातील शल्यविभागाचा तो प्रमुख होता. तुटलेले नाक व ओठ पुन्हा घडविण्याच्या कामात त्या काळी त्याच्या तोडीचे फार थोडे होते. त्याचा तर्कही वरवर पाहता बिनचूक होता. १८३१ मध्ये स्ट्रोमायरने घोट्यामागची शीर त्वचेखालून कापून वाकडे पाऊल सरळ करण्याची पद्धत काढली होती. १८३९ मध्ये स्वतः डीफेनबाखने डोळ्याचा एक स्नायू कापून तिरळेपणा दूर केला होता. आखडलेला स्नायू कापला की व्यंग जाते, असा तो अनुभव. तोतरेपणातही स्वरद्वाराशी आचका येतो व त्याचा परिणाम जिभेवर होतो अशी त्याची समजूत होती; जिभेचे मूळ कापले म्हणजे त्या भागाकडे येणारी विकृत प्रेरणा खंडित होईल, असे त्याने मानले. त्याने तीन प्रकार सुचविले : मूळ सरळ आडवे कापणे, वरची त्वचा राखून आतूनच छेद घेणे, आणि छेदाबरोबर जिभेचा पाचरीसारखा तुकडा काढून टाकणे. त्याच वर्षी त्याने फ्रान्सच्या विद्वत्सभेला उद्देशून लिहिलेल्या पत्राच्या रूपाने आपली पुस्तिका छापली आणि काही महिन्यांतच तिचा इंग्रजी अनुवादही निघाला.

भुलीचा शोध लागावयास अजून पाच वर्षे अवकाश होता, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. मुलाला खुर्चीवर बसवून, जीभ चिमट्याने बाहेर ओढून, पूर्ण शुद्धीत हे सर्व करण्यात आले. जीभ हा रक्ताने भरलेला अवयव आहे. त्या वेळी तेथे किती रक्त वाहिले असेल याची कल्पना करणे कठीण नाही.

बर्लिनमधील वार्ता पॅरिसला पोचताच तेथे अग्रहक्काचा वाद सुरू झाला. आम्युसा, फिलिप्स, बोदाँ, व्हेल्पो अशी नावे या प्रकरणात येतात. आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, फ्रेंच शल्यविशारदांनी डीफेनबाखप्रमाणे जिभेच्या मुळावर घाव न घालता नेमका चिबुकजिह्वा स्नायूच लक्ष्य केला. लियाँचा आमेदे बोने याने तर हनुवटीखालून बारीक सुरी घालून, जबड्यावरील त्या उंचवट्यांपाशीच स्नायूचा उगम तोडण्याची पद्धत काढली. १८४१ मध्येच प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात तिरळे डोळे, वाकडी पावले आणि तोतरेपणा यांना एकाच मालिकेत बसविलेले आहे. शरीररचनेच्या दृष्टीने बोनेची पद्धत डीफेनबाखच्या पद्धतीहून कितीतरी नेटकी होती. चुकीच्या प्रश्नाला दिलेले ते अत्यंत अचूक उत्तर होते. इंग्लंडात जेम्स यर्सलीने जिभेऐवजी पडजीभ व गिलायू कापण्याचा मार्ग धरला. मँचेस्टरमध्ये जेम्स ब्रेड या शल्यविशारदानेही या शस्त्रक्रिया केल्या. हाच ब्रेड पुढे संमोहनविद्येचा प्रवर्तक म्हणून प्रसिद्ध झाला. त्याच्या त्या भागाचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे, हा भाग क्वचितच कोणी सांगतो.

काही रुग्ण शस्त्रक्रियेनंतर थोडे दिवस सुरळीत बोलू लागले आणि तेवढ्यावरून यशाची वृत्ते छापली गेली. जखम भरली तसा तोतरेपणा परत आला. काही रुग्ण दगावले. वैद्यकीय नियतकालिकांतून तीव्र टीका झाली आणि ज्या वेगाने ही लाट आली त्याच वेगाने ती एका वर्षाच्या आत ओसरली. पुढे १८५४ मध्ये आणि पुन्हा १८६१ मध्ये जेम्स हंटने तोतरेपणावरील आपल्या ग्रंथांत या शस्त्रक्रियांचा कडक समाचार घेतला. तोतऱ्या माणसाची जीभ निरोगी असते, बिघाड तिच्या वापरात असतो, हा त्याच्या उपचारांचा पाया होता. हंट हा स्वतः तोतऱ्यांवर उपचार करून उपजीविका करणारा, तेव्हा त्याच्या टीकेत व्यवसायाचा भाग नव्हता असे म्हणता येणार नाही; तरी मुद्दा त्याचाच बरोबर होता.

मराठीत ‘तोतरा’ आणि ‘बोबडा’ हे दोन शब्द वेगळे आहेत. बोबड्याला एखादा वर्ण नीट उच्चारता येत नाही. तोतऱ्याला सर्व वर्ण येतात, पण तो त्यांच्या उंबरठ्यावर अडखळतो. गाताना किंवा एकट्याने बोलताना तोतरेपणा बहुधा नाहीसा होतो हेही घरोघर ठाऊक असते. हा भेद मनात धरला असता, ज्या जिभेला प्रत्येक वर्ण उच्चारता येतो ती कापून काय साधणार, हा प्रश्न १८४१ मध्येही विचारता आला असता. बर्लिन व पॅरिस येथील विद्वानांना हा भेद ठाऊक नव्हता असे नाही. पण स्नायू कापण्याची किमया हाती आली होती, आणि वाणीचा म्हणून एक स्नायू शरीररचनेच्या ग्रंथांतून दिसत होता. दोन्ही गोष्टी जुळविण्याचा मोह आवरला नाही.

इतिहासकाराला अधिक विचार करावयास लावणारी गोष्ट वेगळीच आहे. चिबुकजिह्वा स्नायूचे खरे महत्त्व त्याच पिढीतील, त्याच व्यवसायातील लोकांना एका अर्थी माहीत होते. गाठ झाल्यामुळे खालच्या जबड्याचा पुढचा भाग काढून टाकावा लागे, तेव्हा स्नायूचा आधारच नाहीसा होऊन जीभ घशात मागे पडते व रोगी गुदमरतो, हा अनुभव एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील फ्रेंच शल्यविशारदांना आलेला होता. जीभ पुढे धरून ठेवण्यासाठी तिच्यातून दोरा ओवण्याची युक्तीही त्यांनी काढली होती. म्हणजे हा स्नायू सुटला तर श्वास कोंडतो, हे निरीक्षण हाती होते. परंतु ते ‘शस्त्रक्रियेतील अपघात’ या सदरात नोंदले गेले, ‘स्नायूचे कार्य’ या सदरात नाही. शरीररचनेचा ग्रंथ लिहिणारा पहिले सदर वाचीत नसे. ज्ञान एका कप्प्यात असूनही दुसऱ्या कप्प्यात अज्ञान राहू शकते याचे याहून स्वच्छ उदाहरण प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही.

वाणीच्या या मोहाने पुढे शस्त्रक्रियेचे दालन सोडून पुराणमानवशास्त्रात प्रवेश केला. १८६६ मध्ये बेल्जममध्ये लेस नदीच्या काठी, ला नोलेत येथील गुहेत एदुआर द्युपाँ याला खालच्या जबड्याचा एक तुकडा सापडला. त्याला हनुवटी जवळजवळ नव्हती आणि आतील बाजूस, जेथे आपल्या जबड्यावर उंचवटे असतात तेथे, खळगा होता. गाब्रिएल द मोर्तिये याने १८८३ मध्ये आपल्या प्रागैतिहासिक काळावरील ग्रंथात यावरून एक भव्य निष्कर्ष काढला. बोलणे जिभेच्या हालचालींनी होते. त्या हालचाली मुख्यतः चिबुकजिह्वा स्नायू करतो. तो ज्या उंचवट्याला चिकटतो तो येथे नाही. म्हणून ला नोलेतचा मानव मुका होता. हाताच्या तळव्यावर मावणाऱ्या हाडावरून एका संपूर्ण मानवजातीची वाणी हिरावून घेण्यात आली. १८८६ मध्ये तोपिनारने या जबड्याचे बारकाईने परीक्षण केले व मोर्तियेचा निष्कर्ष टिकत नाही असे दाखविले. स्नायू उंचवट्यालाच चिकटला पाहिजे असे नाही, खळग्यालाही तो चिकटू शकतो. वानरांत तो तसाच चिकटतो, आणि वानराची जीभ काही लुळी नसते. आजच्या बोलत्या-चालत्या माणसांतही हे उंचवटे कधी ठळक, कधी अगदी पुसट असतात.

येथे काळाची थोडी उडी घेतो, कारण हा तर्क मोर्तियेबरोबर संपला नाही. १९९८ मध्ये रिचर्ड के, मॅट कार्टमिल व मिशेल बालो यांनी कवटीच्या तळाशी असलेल्या ज्या छिद्रातून जिभेचा मज्जातंतू बाहेर पडतो त्याचे माप घेतले आणि ते मोठे असलेल्या प्राचीन मानवांना, म्हणजे सुमारे चार लाख वर्षांपूर्वीपासूनच, आपल्यासारखी वाणी असावी असे अनुमान केले. मोर्तियेने वाणी काढून घेतली होती, यांनी ती परत दिली; तर्काचा सांगाडा तोच. पुढच्याच वर्षी डेव्हिड डीगस्टा व त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, छिद्राचा आकार आणि मज्जातंतूचा आकार यांचा मेळ बसत नाही आणि कित्येक माकडांचे छिद्र मानवी मर्यादेत मोडते. निअँडरथल मानवाच्या वाणीविषयीची चर्चा आज इतर पुराव्यांवर चालते. इस्राएलमधील केबारा गुहेत १९८३ मध्ये सापडलेली कंठास्थी हा त्यांतील एक पुरावा. पण त्याच्याविषयीही अभ्यासकांत एकमत नाही.

स्नायूचे दुसरे कार्य लक्षात आले ते माणसे मोठ्या संख्येने बेशुद्ध केली जाऊ लागली तेव्हा. ऑक्टोबर १८४६ मध्ये बॉस्टन येथे ईथरचा आणि नोव्हेंबर १८४७ मध्ये एडिंबरो येथे सिम्प्सनच्या हातून क्लोरोफॉर्मचा उपयोग सुरू झाला. २८ जानेवारी १८४८ रोजी न्यूकॅसलजवळ पायाच्या नखावरील किरकोळ शस्त्रक्रियेसाठी क्लोरोफॉर्म दिलेली पंधरा वर्षांची एक मुलगी काही मिनिटांत मरण पावली. भुलीने मृत्यू कसा येतो, हृदय बंद पडून की श्वास बंद पडून, हा वाद तेथून जो पेटला तो साठ वर्षे विझला नाही. या वादाच्या कडेकडेने एक व्यवहारज्ञान साचत गेले : भूल चढली की घोरणे सुरू होते, मग आवाज थांबतो, छाती हलत राहते पण हवा आत जात नाही, अशा वेळी जीभ चिमट्याने धरून जोराने बाहेर ओढली की श्वास परत सुरू होतो.

ओढल्यामुळे काय होते याचे स्पष्टीकरण मात्र चुकीचे दिले गेले, आणि तेही जोसेफ लिस्टरसारख्या माणसाकडून. १८६१ मध्ये क्लोरोफॉर्मवर लिहिताना त्याने जीभ ओढण्याचा आग्रह धरला, पण तिचा परिणाम यांत्रिक नसून मज्जातंतूंच्या प्रतिक्षेपामुळे होतो, असे त्याचे मत होते. अडथळा स्वरयंत्रात आहे अशी त्याची कल्पना होती. कृती बरोबर, कारण चूक. १८७४ मध्ये नॉर्वेच्या याकोब हायबर्गने आणि त्याच सुमारास जर्मनीच्या एस्मार्खने अधिक सोपा मार्ग दाखविला. जिभेला हात न लावता दोन्ही बाजूंनी जबड्याचे कोन धरून संपूर्ण खालचा जबडा पुढे सरकवावयाचा. चिबुकजिह्वा स्नायू जबड्याला चिकटलेला असल्यामुळे जबड्यामागोमाग जीभही पुढे येते. स्नायू स्वतः शिथिल आहे, तेव्हा त्याचा उपयोग दोरीसारखा करावयाचा, असा हा हिशेब आहे. बेशुद्ध माणसाला वाचविताना आजही हीच पकड शिकविली जाते.

या वादातील एक प्रकरण आपल्या जवळचे आहे. निजामाच्या खर्चाने हैदराबाद येथे १८८८ आणि १८८९ मध्ये दोन क्लोरोफॉर्म आयोग बसले. तेथील वैद्यकीय शाळेचा प्रमुख एडवर्ड लॉरी हा त्यांचा सूत्रधार होता. दुसऱ्या आयोगासाठी लंडनहून लॉडर ब्रंटन आला होता. शेकडो प्राण्यांवर प्रयोग करून त्यांनी निष्कर्ष काढला की, क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो, हृदय नंतर. म्हणून भूल देणाऱ्याने नाडीकडे न पाहता श्वासाकडेच लक्ष ठेवावे. पुढे १९११ मध्ये ए. गुडमन लेव्हीने हलक्या भुलीतही हृदय एकाएकी विस्कळीत होऊन थांबू शकते हे दाखविले, आणि हैदराबादचा निष्कर्ष एकांगी ठरला. आपल्याकडे या आयोगांविषयी अभिमानाने लिहिले जाते, तेव्हा ही दुसरी बाजू बहुधा गाळली जाते. ती गाळू नये. परंतु ‘श्वासाकडे पाहा’ ही शिस्त एकांगी असली तरी तिच्यामुळे भूल देणाऱ्याची नजर घशाच्या मोकळेपणावर खिळली, एवढे श्रेय हैदराबादला द्यावयास हवे.

पहिल्या महायुद्धात जबडा फुटलेल्या सैनिकांनी हाच धडा रणभूमीवर दिला : अशा जखमीस उताणे निजवू नये, निजविल्यास तो गुदमरतो. आणि १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस बाल्टिमोर येथे पीटर साफार व त्याचे सहकारी यांनी बेशुद्ध माणसांचा घसा प्रत्यक्ष तपासून, मान वाकलेली असताना जिभेचे मूळ घशाच्या मागच्या भिंतीला कसे टेकते ते दाखविले. डोके मागे आणि हनुवटी वर, हा प्रथमोपचाराचा नियम त्या कामाचे फळ होय. लिस्टरने स्वरयंत्रात शोधलेला अडथळा त्याच्या वरच, जिभेच्या मुळाशी होता.

तरीही हे सर्व बेशुद्धीविषयीचे ज्ञान झाले. निरोगी, जागा माणूस गुदमरत का नाही, असा प्रश्न यापूर्वी फारसा कोणी विचारलेला दिसत नाही. त्याचे उत्तर विद्युत्-नोंदीच्या साधनांनी दिले. नाकाला हाडांचा आधार आहे, श्वासनलिकेला कूर्चेची कडी आहेत. मधला घसा तेवढा मऊ नळीसारखा आहे. प्रत्येक श्वासाबरोबर आतील दाब कमी होतो आणि ही नळी मिटू पाहते. प्रत्येक श्वासाच्या प्रारंभी चिबुकजिह्वा स्नायू किंचित आखडतो व जिभेचे मूळ पुढे धरून ठेवतो. जीभ हललेली दिसत नाही, माणसाला जाणवत नाही, आणि दिवसभर हे काम चालू राहते. एबरहार्ट सॉअरलँड व रोनाल्ड हार्पर यांनी १९७६ मध्ये झोपेतील या स्नायूच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. गास्तो आणि त्याचे सहकारी, तसेच युंग व कूलो यांनी १९६५ मध्ये अतिस्थूल रोग्यांत झोपेत वारंवार श्वास थांबतो हे नोंदविले होते. या दोन धाग्यांची गाठ १९७८ मध्ये जॉन रेमर्स व सहकाऱ्यांनी मारली : अशा रोग्यांत झोपेत स्नायूचा जोर ओसरतो, आत ओढणारा दाब त्याच्यावर मात करतो आणि घसा मिटतो, क्षणभर जाग येऊन स्नायू पुन्हा जोराने आखडला की तो उघडतो. काही रोग्यांत हे एका रात्रीत शेकडो वेळा घडते. आपण ज्याला ‘घोरणे’ म्हणून हसण्यावारी नेतो त्यांतील काहींच्या मागे हा झगडा असतो.

१९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हनने नाकावाटे दाबाखाली हवा देऊन घसा उघडा ठेवण्याचा उपाय काढला आणि तोच आजही प्रमुख उपाय आहे. प्रस्तुत इतिहासात त्याहून लक्षणीय ठरते ते १९८४ मध्ये स्टॅनफर्ड येथे रॉबर्ट रायली, नेल्सन पॉवेल व क्रिस्तियाँ गीयमिनो यांनी वर्णिलेले तंत्र. हनुवटीच्या मागे, जेथे चिबुकजिह्वा स्नायू चिकटतो, तेथील हाडाचा तुकडा स्नायूसह पुढे सरकवून बसवावयाचा, म्हणजे जीभ कायमची थोडी पुढे ताणलेली राहते. १८४१ मध्ये बोनेची सुरी हनुवटीखालून ज्या जागी पोचली होती तीच ही जागा. त्याने तेथे जे तोडले, ते १४३ वर्षांनी अधिक घट्ट ओढून बांधण्यात आले. बोनेच्या रोग्यांतील किती जण पुढे रात्री गुदमरत असतील, याची नोंद कोणी ठेवली नाही. ठेवावी असे कोणाला सुचण्याचे कारणच नव्हते.

त्यापुढची पायरी मज्जातंतूची. छातीत बसविलेल्या यंत्राने झोपेत, श्वासाच्या तालावर जिभेच्या मज्जातंतूला सौम्य विद्युत् प्रेरणा द्यावयाची, अशी ही पद्धत होय. जानेवारी २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १२६ रोग्यांच्या चाचणीत श्वास अडखळण्याचे प्रमाण बारा महिन्यांनी तासाला २९.३ वरून ९.० वर आले. हे मध्यक आकडे आहेत. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या यंत्राला मान्यता दिली. ते सर्वांना लागू पडत नाही. रोगी निवडावे लागतात आणि खर्च मोठा आहे. शस्त्रक्रियेतील नाजूक भाग म्हणजे मज्जातंतूच्या शाखांची निवड. त्याच मज्जातंतूच्या काही शाखा जीभ मागे खेचणाऱ्या स्नायूंकडे जातात. त्या पकडीत आल्या तर अपेक्षेच्या उलट परिणाम होईल. म्हणून त्या वगळून चिबुकजिह्वा स्नायूकडे जाणाऱ्या शाखांभोवतीच पट्टी बसवितात. योग्य शाखा सापडली की नाही, याची खूण टेबलावरच पाहतात : प्रेरणा दिल्याबरोबर, भुलीत असलेल्या रोग्याची जीभ सरळ बाहेर आली पाहिजे.